द्वारपालाला जागा पाहिजे

मगदूमांच्या घराला पासष्ट हजार पाचशे पस्तीस दारं होती आणि मंगळवारी सकाळी साडेदहाला ती सगळी सील करण्यात आली. यात विशेष काही नव्हतं. सांगलीत प्रत्येक घराला तेवढीच दारं असतात, दोन खोल्यांच्या घराला तेवढीच आणि बंगल्यालाही तेवढीच. ज्या घरात द्वारपाल नाही त्या घराची दारं उंबरठा विभाग दुसऱ्याच दिवशी बंद करतो. लाकडाचं पुढचं दार तेवढं राहू देतात, कारण ते या मोजणीत धरत नाहीत. त्यातून दूधवाला, भाजीवाली आणि गावातली माणसं येतात. लांबून येणाऱ्यांनी बाकीच्या दारांतून यायचं असतं.

श्रीपाल मगदूम यांनी सील नीट लागलंय का ते स्वतः फिरून पाहिलं. वीज खात्यात मीटर तपासनीस म्हणून छत्तीस वर्षं काढलेला माणूस. सील दिसलं की हात लावून बघितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. चाळीस दारं तपासून झाल्यावर गुडघा बोलायला लागला, तेव्हा ते परत येऊन खुर्चीत बसले.

"लाख कमी वापरलीय," ते बायकोला म्हणाले.

"लाखेचं राहू द्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. "रविवारी पद्मी येणार हाय, तिचं काय करायचं ते बघा की."

तिचं काय करायचं, हाच प्रश्न होता. त्यांची एकुलती एक मुलगी पद्मजा फिनलंडात टांपेरे नावाच्या गावी राहत असे. गेली सहा वर्षं ती दर रविवारी दुपारी चारला येई, चाळीस मिनिटं बसे, थालीपीठ खाई आणि परत जाई. येताना तिच्या बुटांना बर्फ लागलेला असे आणि सरोजिनीबाई फडकं घेऊन तयार असत. गेले दोन महिने मात्र ती आली नव्हती, कारण तिला मुलगी झाली होती. सव्वा महिन्याच्या आत बाळाला दारातून आणायचं नाही असा तिकडच्या डॉक्टरांचा नियम होता आणि इकडच्या सरोजिनीबाईंचाही तोच होता. आता ती मुदत संपली होती. येत्या रविवारी चारला पद्मजा बाळाला घेऊन येणार, बारसं इथेच होणार, असं ठरलं होतं. पाळणा माळ्यावरून काढून धुऊन ठेवला होता. आणि नेमका सोमवारी जुना द्वारपाल सेवानिवृत्त झाला.

जुना द्वारपाल एका पांढऱ्या डब्यात राहत असे. तो डबा दारांच्या जोडणीबरोबर फुकट मिळाला होता, आणि फुकटच्या गोष्टीत जेवढा जीव असतो तेवढाच त्याच्यात होता. शेवटची दोन वर्षं तर तो दारावर बसल्या बसल्या डुलक्या घेई आणि कुणीही आलं तरी "हो हो, या" म्हणे. एकदा एका अनोळखी बाई चपला विकायला आल्या आणि तीन दिवस सोफ्यावर बसून राहिल्या. तरी माणूस चांगला होता. कॉलनीतल्या लोकांनी त्याला निरोप दिला, शाल आणि नारळ दिला. त्याला खांदे नसल्यामुळे शाल डब्यावर घातली. जाताना त्याने नियमाप्रमाणे आपली वही बरोबर नेली. त्या वहीत पद्मजाचा कायमचा पास होता, हे मगदूमांच्या लक्षात मंगळवारी आलं.

बुधवारी उंबरठा निरीक्षक इंदुमती खराडे नवा द्वारपाल घेऊन आल्या. त्यांनी तो रुमालात बांधून आणला होता. टेबलावर रुमाल सोडला तेव्हा त्यात काहीच दिसलं नाही.

"हे द्वारपाल," खराडे म्हणाल्या. "अनुभवी आहेत. पगार नाही. स्वभाव अगदी उघडा, ज्याला वाचायचा त्याने वाचावा. फक्त यांना देह नाही."

"म्हणजे?" मगदूमांनी विचारलं.

"म्हणजे राहायला यंत्र तुम्ही द्यायचं. पूर्वी खातं द्वारपालाला डब्यासकट द्यायचं. आता डबे बंद झाले. अख्खं यंत्र द्यायलाच पाहिजे असंही नाही. एका यंत्रात भिंती घालून चार खोल्या पाडतात, त्यातली एक द्यायची. उरलेल्या खोल्यांत तुमचे फोटो ठेवा, हिशेब ठेवा, काय वाटेल ते ठेवा."

"पोटभाडेकरू," मगदूम म्हणाले.

"तसंच समजा. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत यांची राहायची सोय झाली नाही, तर मी यांना पुढच्या घरी देणार. विश्रामबागेत एकशे दहा घरं थांबलीत. मग तुमचा नंबर आषाढात."

सरोजिनीबाईंनी चहा आणला. एक कप त्यांनी रिकाम्या रुमालापुढे ठेवला. घरी आलेल्याला विचारायचं नाही असं त्यांच्यात नव्हतं.

"आभारी आहे," रुमालातून आवाज आला. आवाज शांत होता, जुन्या हेडमास्तरांचा असतो तसा. "देह मिळाल्यावर घेईन."

मगदूमांना हा माणूस एकदम पटला. जे वापरता येत नाही ते घ्यायचं नाही, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं होतं आणि फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

माणूस ओळखायची मगदूमांची एक रीत होती. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरातले मीटर पाहिले, आणि त्यातून त्यांना कळलेली गोष्ट एवढीच, की काम करताना कोण किती खातो याला अर्थ नाही. काही न करता नुसतं बसलेलं असताना कोण किती खातो ते बघावं. पंखा, फ्रीज, साडू, पुढारी, सगळ्यांना ते हेच माप लावत. थोरल्या साडूंबद्दल त्यांचं मत 'बसून शंभर वॅट' असं होतं आणि ते त्यांनी साडूंना सांगितलेलंही होतं. निवृत्तीच्या वेळी मिळालेला छोटा वॅटमीटर अजून त्यांच्या खिशात असे.

तो काढून ते म्हणाले, "चला, जागा बघू."

पहिली जागा पद्मजाच्या खोलीत होती. कॉलेजात असताना तिने घेतलेला हा संगणकाचा काळा टॉवर कपाटाएवढा होता आणि त्याच्या पोटात रंगीत दिवे लागत. खराडेंनी रुमाल त्याच्यावर धरला. मगदूमांनी वॅटमीटर लावला. टॉवर सुरू झाला तशी खोलीत पिठाची गिरणी लागल्यासारखी घरघर झाली.

"प्रशस्त आहे," आतून द्वारपाल मोठ्याने म्हणाला. "आठवण भरपूर आहे. दहा खोल्या पडतील. पण मला बाहेरचं ऐकू येत नाही."

"शहाऐंशी वॅट," मगदूम म्हणाले. "काही न करता!" त्यांनी ताबडतोब स्विच बंद केला. "खायला काळ आणि भुईला भार. पुढे चला."

दुसरी जागा म्हणजे सरोजिनीबाईंचा जुना लॅपटॉप. त्या नगर वाचनालयात होत्या तेव्हाचा. तो बसून चौदा वॅट खात होता, आणि वीज गेली तरी दोन तास जागा राहत होता, म्हणून मगदूमांना तो आवडला. द्वारपाल आत जाऊन फिरून आला.

"याला एकच कान आहे," तो म्हणाला.

"एक पुरत नाही?"

"मला दोन लागतात. एक बाहेरच्या बाजूला, एक घराच्या बाजूला. बाहेर कोण आलं ते एका कानाने ऐकायचं आणि आतून कुणी बोलावलं होतं का ते दुसऱ्याने. एकाच कानाने दोन्ही ऐकलं तर आतलं कोण आणि बाहेरचं कोण यात गल्लत होते. आधीच्या एका घरी तसं झालं होतं. मी चोराला आत घेतलं आणि जावयाला अडवलं."

"दुसरा कान बाहेरून जोडता येतो," खराडे म्हणाल्या. "बाजारात मिळतो. वायरीने लोंबतो."

"लोंबता कान गळून पडतो," द्वारपाल म्हणाला. "मी आपणहून बोललो नसतो, पण तुम्ही विचारलंत. दोन्ही कान माझे स्वतःचे असावेत आणि त्यांत घरमालक-यंत्राने तोंड घालू नये, एवढीच माझी अट आहे. बाकी मी कुठेही राहतो."

गुरुवारी मगदूम स्टेशन रोडला अण्णाप्पाच्या दुकानात गेले. रुमाल त्यांनी शर्टाच्या खिशात घातला होता. अण्णाप्पा जुनी-नवी यंत्रं विकत असे, आणि गिऱ्हाईक यंत्र बघायला लागलं की आपण होऊन काही बोलत नसे, हे त्याचं वैशिष्ट्य होतं. त्याने दोन डबे पुढे ठेवले. दोन्ही तळहाताएवढे, दोन्हींना पंखा नाही, दोन्हींना चार-चार कान. वरून मात्र कडाप्प्याच्या तुकड्यासारखे मठ्ठ दिसत होते.

वॅटमीटर लागला. डावा डबा बसून सहा वॅट खात होता. उजवा अकरा.

सहा हा आकडा बघून मगदूमांना जे वाटलं ते त्यांना लग्नात पहिल्यांदा सरोजिनीबाईंना बघूनही वाटलं होतं की नाही, सांगता येत नाही. छत्तीस वर्षांत त्यांनी इतका समंजस आकडा पाहिला नव्हता.

"हाच," ते म्हणाले.

"राहीन," खिशातून द्वारपाल म्हणाला. "पण आठवण लहान आहे. चाळीस हाका लक्षात राहतील. एकेचाळिसावी आली की पहिली पुसावी लागेल. उजव्यात हजारो मावतील."

"हाका कसल्या?"

"माझं काम एकाच नियमावर चालतं. आतून ज्याला कुणी हाक मारली, तो आला की मी त्याला आत घेतो. ज्याला कुणी हाक मारली नाही, त्याला घेत नाही. त्यासाठी प्रत्येक हाक मला लक्षात ठेवावी लागते, नाहीतर माणूस उत्तराला येऊन उभा राहील आणि मी त्याला विचारीन, तुम्ही कोण?"

मगदूम हसले. "आमच्या घरातून चाळीस हाका जातात कुठे? आम्ही दोन माणसं. मी तर कुणाला हाक मारतच नाही. ज्यांना यायचं ते येतात."

हे खरं होतं. सहा वर्षांत श्रीपाल मगदूम यांनी आपल्या मुलीला एकदाही आपणहून हाक मारली नव्हती. यात राग नव्हता. लग्न करून दिलेल्या मुलीच्या घरचं पाणीसुद्धा बापाने पिऊ नये, असं त्यांचे वडील सांगत. त्यावरून तिच्या घराच्या दिशेने आपण होऊन हाक मारणंही बरं नव्हे, असं मगदूमांनी स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. शिवाय ती येतच होती. सहा वर्षं, दर रविवारी, चारच्या ठोक्याला. त्या ठोक्याची ते शुक्रवारपासून वाट बघत असत, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. सरोजिनीबाईंना ती माहीत होती.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सहा आणि अकराची हकिकत सांगितली. पसंतीची मान हलेल अशी त्यांची अपेक्षा होती.

"अकराचा घ्या," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"पाच वॅट जास्त! चोवीस तास, बारा महिने!"

"आवो, आपल्याला कुणाला विसरायचंय ते आधी ठाऊक असतं व्हय? चाळीस माणसं झाली आणि पहिलं पुसलं, आणि ते आपलंच निघालं तर? त्या पाच वॅटांचं काय लोणचं घालणार हाय का?"

  शुक्रवारी मगदूम पुन्हा अण्णाप्पाकडे गेले आणि त्यांनी अकरा वॅटचा डबा आणला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी जास्त खाणारी वस्तू समजून-उमजून घरात घेतली होती. वाटभर ते स्वतःशी "पाच, पाच" म्हणत होते.

शनिवारी दुपारी खराडे आल्या. डब्यात भिंती घालून तीन खोल्या पाडल्या. मागच्या खोलीत सरोजिनीबाईंचे फोटो गेले, मधली मोकळी राहिली, आणि पुढची, दोन कानांची खोली द्वारपालाला मिळाली. तो आत गेला, एकदा खाकरला आणि म्हणाला, "चांगली आहे. शांत आहे." सरोजिनीबाईंनी लगेच कपात चहा ओतून डब्याशेजारी ठेवला. थोड्या वेळाने बघितला तर कप तसाच भरलेला होता, पण चहा थंड झाला नव्हता.

"आता एवढा फॉर्म भरा," खराडे म्हणाल्या.

फॉर्म चार पानी होता. मगदूमांना फॉर्म भरायला आवडे. घरातला प्रत्येक फॉर्म तेच भरत, रेशनकार्डापासून जनगणनेपर्यंत, आणि कुठलाही रकाना रिकामा सोडत नसत. तिसऱ्या पानावर एक रकाना होता : 'घरातून हाक मारणाऱ्या व्यक्तींची नावे.' खाली सहा ओळी होत्या. मगदूमांनी पहिल्या ओळीवर 'श्रीपाल भूपाल मगदूम (कुटुंबप्रमुख)' असं लिहिलं आणि उरलेल्या पाच ओळींवर तिरकी रेघ मारली. कुठल्याही रकान्यात जबाबदार माणसाचं नाव घालायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. खराडेंनी शिक्का मारला आणि सगळी सीलं काढून त्या गेल्या.

"झालं एकदाचं," मगदूम म्हणाले. त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी संध्याकाळी पाळण्याला स्वतःच्या हाताने फुगे बांधले.

द्वारपालाचं काम बघण्यासारखं होतं. रविवारी सकाळपासून दारं वाजत होती. एक सफारीतले गृहस्थ तर सातपासून पहिल्या दारापासून सुरुवात करून प्रत्येक दार हलवून बघत चालले होते. बाविसाव्या दारापाशी ते बराच वेळ रेंगाळले.

"कोण? कुठून? कुणाकडे?" द्वारपाल विचारी.

"सहज आलो होतो," गृहस्थ म्हणत.

"आतून हाक नाही. क्षमा असावी."

गृहस्थ न रागावता पुढच्या दाराकडे जात. जुना द्वारपाल असता तर एव्हाना ते जेवायला बसले असते. मगदूम खुर्चीत बसून हे कौतुकाने ऐकत होते आणि मधूनमधून वॅटमीटर बघत होते. अकरा. अकरा. अकरा.

चार वाजले. घड्याळाचा ठोका पडतो न पडतो तोच एकेचाळीस हजार दोनशे सहा नंबरचं दार वाजलं. ते माजघरात, धान्याच्या कोठीशेजारी होतं. सरोजिनीबाई फडकं घेऊन धावल्या.

"कोण? कुठून? कुणाकडे?"

"पद्मजा. टांपेरेहून. आई-अप्पांकडे," बाहेरून आवाज आला. त्याच्या मागे एक बारीक, कुरकुरता आवाज होता. तो त्यांनी यापूर्वी कधी ऐकला नव्हता. मगदूम उभे राहिले आणि मग आपण का उभे राहिलो ते विसरून तसेच उभे राहिले.

"आतून हाक नाही," द्वारपाल म्हणाला. "क्षमा असावी."

"अहो भाऊ, लेक हाय ती आमची!" सरोजिनीबाई म्हणाल्या.

"असेल. हाक मारा, मी नोंदवतो, आणि त्या येतील."

"पद्मेऽऽ!" सरोजिनीबाईंनी अशी हाक मारली की शेजारच्या चौगुल्यांच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. "ये गं बाय, ये!"

"आवाज ऐकला," द्वारपाल म्हणाला. "आपलं नाव नोंदीत नाही."

सरोजिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मगदूमांना तिसऱ्या पानावरच्या तिरक्या रेघेची आठवण झाली. चांगली पट्टी लावून, सरळ मारली होती.

"नाव घालता येईल," द्वारपालाने माहिती दिली. "दुरुस्तीचा अर्ज. कामाचे सात दिवस."

"आणि कायमचा पास?" मगदूमांनी विचारलं.

"बंद झाले. कायमचा पास हरवला की ज्याला सापडतो त्याचा होतो."

दाराबाहेर पद्मजा कुणाशी तरी बोलत होती. सफारीतले गृहस्थ हलवत हलवत एकेचाळीस हजारांपर्यंत येऊन पोचले होते आणि आता तिच्याशेजारी उभे होते.

"कोण? कुठून? कुणाकडे?" द्वारपालाने विचारलं.

"सहज," गृहस्थ म्हणाले.

"आतून हाक नाही. क्षमा असावी."

तेच शब्द, तोच सूर. सहा वर्षं दर रविवारी येणाऱ्या मुलीला जे उत्तर, तेच या सहज आलेल्या माणसाला. हे मगदूमांच्या मनाला फार लागलं. त्यांना द्वारपालाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. द्वारपाल बरोबर बोलत होता. दोघांनाही नोंदीतल्या कुणी हाक मारली नव्हती. फरक एवढाच, की मुलगी सहा वर्षं न बोलावता आली होती, आणि जुन्या वहीत तिचा कायमचा पास होता म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

"अप्पा," बाहेरून पद्मजा म्हणाली, "बाळाला वारं लागतंय. मी पुढच्या महिन्यात येऊ का? तिकडे काही अडचण असेल तर राहू दे."

अडचण काहीच नव्हती. एक माणूस हाक मारायचा राहिला होता, एवढंच.

मगदूम डब्यापाशी गेले. घराच्या बाजूचा कान कुठला ते त्यांनी आधी नीट पाहून घेतलं. मग वाकले.  छत्तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहून "मीटर!" म्हणून ओरडलेला माणूस, पण हे नाव त्याने कधी ओरडून घेतलं नव्हतं.

"पद्मा," ते म्हणाले.

मग जरा मोठ्याने, "पद्मा!"

आणि मग सगळा जीव एकवटून, जसं शाळेतून परत येणाऱ्या मुलीला गल्लीच्या टोकावरून हाक मारतात तसं, "पद्मे, ये गं घरी!"

 वॅटमीटरवर आकडा बारा झाला आणि परत अकरा झाला.

"नोंदवली," द्वारपाल म्हणाला.

एकेचाळीस हजार दोनशे सहावं दार उघडलं. आधी थंड हवा आत आली, मग पद्मजा. बुटांना बर्फ होता आणि कडेवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. सरोजिनीबाई फडकं टाकून बाळाकडे धावल्या, त्यामुळे बर्फ तसाच जमिनीवर वितळला. तिच्या मागून सफारीतल्या गृहस्थांनी एक पाय आत टाकून पाहिला. द्वारपालाने तो नम्रपणे बाहेर ठेवला.

"एक सूचना आहे," द्वारपाल म्हणाला. "आतून पाच मिनिटं कुणीच काही बोललं नाही, तर मी हाक संपली असं धरतो, आणि पाहुण्यांना जावं लागतं. बोलणं नोंदीतल्या माणसाचं लागतं."

हे ऐकून सगळ्यांनी मगदूमांकडे पाहिलं. मुलगी आली की मगदूम समोर बसत, चाळीस मिनिटं तिच्याकडे बघत आणि शेवटी "बरं आहे" म्हणत. एरवी त्यांचं एका रविवारचं बोलणं तेवढंच असे.

बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. ते अगदी हलकं होतं. मगदूमांनी त्याच्याकडे बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. आधी त्यांनी बाळाला अकरा वॅटचं सांगितलं. मग शहाऐंशी वॅटचं. मग कवठे महांकाळच्या एका माणसाने मीटरवर गोधडी पांघरली होती, का तर मीटरला थंडी वाजून तो भराभर फिरतो अशी त्याची समजूत होती, ते सांगितलं. मग थोरल्या साडूंचं. मग पद्मजा चार वर्षांची असताना त्यांच्या सायकलवर पुढे बसून गावोगाव मीटर बघायला यायची आणि आकडे मोठ्याने वाचायची, सात सहा शून्य तीन, ते सांगितलं. हे पद्मजाला आठवत नव्हतं. ती बूट न काढता तशीच जमिनीवर बसून ऐकत होती. मधे बारसं झालं. शेजारच्या चौगुलेबाई आत्याच्या जागी बसल्या आणि बाळाचं नाव 'चारुता' ठेवलं. पाळणा म्हणत असतानाही मगदूम बाजूला बसून बोलत होते, कारण पाळणा म्हणणाऱ्यांपैकी कुणाचं नाव नोंदीत नव्हतं.

चाळीस मिनिटं झाली, तास झाला, दोन झाले. चौगुलेबाई घरी गेल्या. थालीपिठं झाली. सफारीतले गृहस्थ पासष्ट हजार पाचशे पस्तिसावं दार हलवून पाहून पुन्हा पहिल्या दाराशी गेले. बाळ झोपलं, तरी मगदूम हळू आवाजात बोलत राहिले.

निघताना पद्मजाने बाळाला दुपट्यात नीट गुंडाळलं. दारापाशी ती थांबली.

"अप्पा, हाक तुम्ही मारलीत?"

मगदूम एकदम संकोचले. त्यांनी मान वळवून डब्याला लावलेला वॅटमीटर बघितला.

"या द्वारपालाला लागते," ते म्हणाले. "नियम आहे त्यांचा. त्याशिवाय घेत नाहीत."

"मला एकच लागते," डब्यातून द्वारपाल म्हणाला. "यांनी तीन मारल्या. तिन्ही नोंदवून ठेवल्या आहेत. जागा आहे."

 पद्मजाने वडिलांच्या हाताला हात लावला, बाळाला छातीशी घेतलं आणि बर्फात गेली. दार लागलं. सरोजिनीबाईंनी फडकं घेऊन जमीन पुसली, डब्याशेजारचा गरम कप उचलून नवा ठेवला, आणि मगदूम पुढच्या रविवारी किती वाजता हाक मारलेली बरी पडेल, ते द्वारपालाला विचारू लागले.